कोठडीची कारणे : जामिनाच्या न्याय्य कार्यपद्धतीविषयी

जामीन हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला आणि जुन्या मराठी दप्तरांत त्याचा रोख माणसावर होता. दुसऱ्याची हमी घेतो तो जामीन, आणि ज्या गोष्टीची हमी घ्यायची त्यावरून त्याचे प्रकार पडत : बोलावल्या वेळी इसमाला हजर करण्याची जबाबदारी पत्करणारा तो हाजिरजामीन, रकमेच्या भरण्याची जबाबदारी पत्करणारा तो मालजामीन, आणि अशी हमी ज्या कागदावर लिहून दिली जाई तो जामीनकतबा. आजच्या फौजदारी न्यायालयांच्या आवारात हा शेवटचा शब्द 'जामीनकदबा' अशा किंचित बदललेल्या रूपात टिकून आहे, परंतु 'जामीन' या मूळ शब्दाचा अर्थ मात्र माणसावरून सुटकेवर सरकला आहे. जामीन आता 'मिळतो' किंवा 'फेटाळला जातो'. अर्थाच्या या सरकण्यात एक साधी गोष्ट नजरेआड झाली, ती अशी की हाजिरजामिनाला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे, तो म्हणजे हा माणूस बोलावल्यावर येईल की नाही. आजच्या जामीन-अर्जावर निर्णय देताना न्यायालयाला याखेरीज इतरही प्रश्न विचारावे लागतात, जसे की आरोपी साक्षीदारांवर दबाव आणील काय, पुरावा नाहीसा करील काय, पुन्हा गुन्हा करील काय. पण हे सर्व प्रश्न पुढे काय घडेल याविषयीचे आहेत, घडून गेलेल्या कृत्याबद्दल शिक्षा देण्याविषयीचे नाहीत, आणि हा भेद ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी जामिनाचा निर्णय न्याय्य राहत नाही.

न्याय्य कार्यपद्धती या शब्दप्रयोगाने येथे निर्णयाच्या निष्पत्तीकडे नव्हे, तर त्याच्या वाटेकडे निर्देश केला आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २१ कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेण्यास मनाई करतो, आणि मनेका गांधी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही कार्यपद्धती केवळ कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवीही असली पाहिजे. जामिनाच्या संदर्भात याचा अर्थ असा की दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जावे, ज्या कागदांवर निर्णय होणार ते ज्याच्याविरुद्ध वापरले जाणार त्याला कळावेत, निर्णय वेळेत व्हावा, त्याची कारणे लिहिली जावीत आणि घातलेल्या अटी त्या माणसाच्या आवाक्यातल्या असाव्यात. या कसोट्या पाळून फेटाळलेला अर्ज न्याय्य असू शकतो आणि त्या मोडून मंजूर केलेला अर्ज अन्याय्य असू शकतो. वृत्तपत्रांतील चर्चा बहुधा 'सुटला' आणि 'अडकला' या दोन शब्दांत संपत असल्याने ही बाब आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

या कसोट्यांपैकी कारणांची कसोटी सर्वांत महत्त्वाची मानावी लागते, कारण इतर कसोट्या पाळल्या गेल्या की नाहीत हे पाहण्याचे साधन आदेशात लिहिलेल्या कारणांखेरीज वरच्या न्यायालयाजवळ किंवा आरोपीजवळ जवळपास नसते. आणि नेमक्या याच ठिकाणी कायद्याच्या रचनेत एक जुना कल दिसतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३७ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८० ही अजामीनपात्र गुन्ह्यांत जामीन देण्याविषयीची कलमे आहेत. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळूच शकत नाही असा सर्रास घेतला जातो. वास्तविक जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो आणि अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकाधीन असतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. या कलमांच्या चौथ्या पोटकलमानुसार आरोपीला जामिनावर सोडणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने तसे करण्याची कारणे लेखी नोंदवायची आहेत. सोडण्यास नकार देणाऱ्याने कारणे नोंदवावीत असे ते पोटकलम म्हणत नाही. सहाव्या पोटकलमात, म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढील खटला पुराव्याच्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत संपला नाही तर कोठडीतील आरोपीला सोडावे या तरतुदीत, नकाराची कारणे मागितली आहेत. परंतु मूळ निर्णयापाशी कायद्याचा शब्द सुटकेला हिशेब विचारतो आणि कोठडीला विचारत नाही. घटनेच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे, कारण स्वातंत्र्य हा नियम असेल तर स्पष्टीकरणाचा भार ते काढून घेणाऱ्यावर पडला पाहिजे.

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण आहे. लोकमान्य टिळकांवरील १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात आरंभी नाकारला गेलेला जामीन मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी ऑगस्ट महिन्यात मंजूर केला आणि त्यांच्यापुढे टिळकांच्या वतीने युक्तिवाद करणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, दुसऱ्या राजद्रोहाच्या खटल्यात महंमद अली जिना यांनी टिळकांसाठी जामिनाचा अर्ज केला तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते. जामिनाचा मुख्य विचार आरोपी खटल्याला हजर राहील की नाही हाच, हे तत्त्व वकील म्हणून त्यांना चांगले ठाऊक होते. तरीही त्यांनी अर्ज फेटाळला आणि आपल्याला असे का वाटते याची कारणे त्या परिस्थितीत न देणेच शहाणपणाचे ठरेल, अशी भूमिका घेतली. टिळक खटल्याला हजर राहणार नाहीत अशी शंका त्या काळी कोणीही घेतली नसती. निकालाच्या वेळची टिळकांची वाणी आणि मंडाले हे महाराष्ट्राच्या स्मरणात कोरले गेले. जामिनाचा तो कारणे न देणारा आदेश मात्र क्वचितच आठवला जातो, वास्तविक कार्यपद्धतीच्या अभ्यासकाने आधी थांबावे असा तोच कागद आहे.

स्वातंत्र्योत्तर न्यायनिर्णयांनी कायद्यातील ही उणीव बरीचशी भरून काढली. राजस्थान राज्य विरुद्ध बालचंद या १९७७ च्या निर्णयाने जामीन हा नियम आणि कोठडी हा अपवाद हे सूत्र रूढ केले. कल्याण चंद्र सरकार खटल्यात २००४ साली आणि महिपाल विरुद्ध राजेश कुमार या खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारीक छाननी करायची नसली, तरी सकृद्दर्शनी निष्कर्षाची कारणे आदेशात दिसली पाहिजेत. हे दोन्ही निर्णय मुख्यतः मंजूर केलेल्या जामिनाची तपासणी करणारे होते. त्यांतील तत्त्व नकारालाही तितकेच लागू पडते. कारण म्हणजे काय, हेही येथे सांगितले पाहिजे. 'गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे, तपास सुरू आहे, आरोपी पुराव्यात ढवळाढवळ करण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब अर्ज नामंजूर' हा मजकूर कोणत्याही अर्जाला चिकटवता येतो आणि जे कोणत्याही अर्जाला चिकटते ते कोणत्याच अर्जाचे कारण नसते. कोणता साक्षीदार, कोणता जप्त व्हायचा ऐवज, आरोपीचे आधीचे कोणते वर्तन, असे त्या प्रकरणापुरते बोट ठेवले गेले म्हणजेच कारण लिहिले गेले.

हा विषय पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात पाहण्याचे प्रयोजन असे की जामिनाची तत्त्वे दिल्लीत घडत असली तरी त्यांच्या रोजच्या व्यवहाराची जागा तालुका न्यायालय ही आहे. दोन्ही ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत, बारामतीत अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायाधीश बसतात, जिल्ह्याचे मुख्य न्यायालय आणि येरवडा मध्यवर्ती कारागृह बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर पुण्यात आहेत आणि इंदापूरकरांना ते अंतर आणखी वाढते. उच्च न्यायालयाचे अंतर याहून विचार करायला लावणारे आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सोलापूर आणि सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले, पुणे जिल्हा आला नाही. त्यामुळे नीरेपलीकडच्या माळशिरस किंवा फलटणच्या आरोपीचा अर्ज कोल्हापूरला जातो आणि अलीकडच्या नीरा-नरसिंहपूरच्या आरोपीला मुंबई गाठावी लागते. पहिल्या न्यायालयाने दिलेला नकार प्रत्यक्षात किती अंतिम ठरतो हे अशा अंतरांवर आणि वकिलाच्या प्रवासखर्चावर बरेच अवलंबून असते, आणि म्हणून पहिल्या न्यायालयाची कार्यपद्धती सर्वांत निर्दोष असायला हवी.

या भागातील फौजदारी प्रकरणांचे स्वरूपही लक्षात घेण्याजोगे आहे. नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत आणि तिच्या बाहेरच्या जिरायत गावांत बांधाचे, वहिवाटीच्या रस्त्याचे, पाण्याच्या पाळीचे वाद मारामारीपर्यंत जातात आणि मग एकाच घटनेच्या दोन फिर्यादी दाखल होतात. उजनी जलाशयाच्या आणि नद्यांच्या काठच्या वाळूचोरीचे गुन्हे होतात. आणि साखर कारखान्यांच्या हंगामाभोवती ऊसतोडीच्या उचलीचे वाद उभे राहतात. उचल म्हणजे मजूर पुरवण्यासाठी मुकादमाला आगाऊ दिलेली रक्कम. मुकादम कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, घेऊन आला नाही की वाहतूकदार फसवणुकीची फिर्याद देतो. मुळात हेतूच फसवण्याचा होता की करार पुढे फिसकटला, हा अशा प्रकरणातील खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर खटल्यात मिळायचे असते. परंतु व्यवहारात जामिनाचा अर्ज हीच वसुलीची संधी मानली जाते आणि रक्कम भरण्याची तयारी दाखवल्यावर विरोध मावळतो. रमेश कुमार खटल्यात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने जामिनाची प्रक्रिया वसुलीच्या प्रक्रियेत रूपांतरित करण्यास हरकत घेतली आहे. पैसे बुडालेल्या वाहतूकदाराचे दुःख खोटे नसते, कारण तो बहुधा कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला शेतकरी असतो. तरीही ज्याच्याजवळ भरायला रक्कम आहे तो बाहेर आणि ज्याच्याजवळ नाही तो आत, अशी वाटणी झाली म्हणजे दिवाणी कर्जासाठी कैद ठेवण्याची जुनी प्रथा दुसऱ्या दाराने परत येते.

अटकेनंतरचा पहिला दिवस या साऱ्या प्रक्रियेचा कणा आहे. अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्याला कारणे सांगावी लागतात, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या ६ नोव्हेंबर २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे सर्वच गुन्ह्यांत लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, आणि तत्काळ तसे करणे शक्य नसेल तर तोंडी सांगून निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी लेखी द्यावीत असे ठरवले. रिमांड म्हणजे तपासासाठी किंवा खटल्यापर्यंत कोठडीत ठेवण्याची न्यायालयीन परवानगी. पोलिसांच्या ताब्यात असेल तर पोलीस कोठडी, कारागृहात असेल तर न्यायालयीन कोठडी. त्याआधी अर्णेश कुमार खटल्यात २०१४ साली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज पोलिसांनी लेखी दाखवावी आणि दंडाधिकाऱ्यांनी आपले समाधान नोंदवल्याखेरीज कोठडी देऊ नये, असे बंधन घातले गेले होते. मराठी ही जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा म्हणून १९९८ पासून अधिसूचित असल्याने भाषेचा प्रश्न येथे सुटल्यासारखा वाटतो. पण पोलिसी मराठीतील 'सदर इसमाने संगनमताने' सारखी वाक्ये प्रत्येकाला समजतातच असे नाही, आणि पारधी बोली बोलणाऱ्या स्त्रीला किंवा गुऱ्हाळावर आलेल्या हिंदीभाषक कामगाराला तर हे कागद परक्या भाषेतलेच असतात; समजणारी भाषा या शब्दांचा अर्थ या टोकापर्यंत नेला तरच त्या निर्णयाला तालुक्यात काही मोल आहे.

अर्ज दाखल झाल्यावर सरकारी वकिलांचे आणि तपासी अंमलदारांचे 'म्हणणे' मागवले जाते. हे म्हणणे म्हणजे अर्जाला विरोध का, याचे लेखी निवेदन. विरुद्ध बाजूला ऐकण्याचे नैसर्गिक न्यायतत्त्व त्यातून पाळले जाते, म्हणून ते आवश्यकच आहे; दोष त्याच्या लांबणीत आहे, कारण अंमलदार बंदोबस्तावर असेल, यात्रेत असेल, दुसऱ्या गुन्ह्याच्या तपासात असेल, आणि म्हणणे आले नाही म्हणून तारीख पुढे जाते. सत्येंद्र कुमार अंतिल खटल्यात जुलै २०२२ मध्ये नियमित जामिनाचे अर्ज दोन आठवड्यांत आणि अटकपूर्व जामिनाचे सहा आठवड्यांत निकालात काढावेत अशी कालमर्यादा दिली गेली ती याच कारणाने. एका बाजूच्या विलंबाची किंमत दुसऱ्या बाजूने कोठडीत भरावी हे ऐकून घेण्याच्या तत्त्वात कोठेही बसत नाही.

जामीन मंजूर झाल्यानंतर जे घडते त्याकडे कायद्याच्या पुस्तकांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही, आणि प्रस्तुत विषयाचा सर्वांत दुखरा भाग तेथेच आहे. न्यायालय ठराविक रकमेचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचे बंधपत्र, आणि तितक्याच रकमेचा एक किंवा दोन जामीनदार मागते. जामीनदाराने आपली ऐपत दाखवायची असते. ग्रामीण भागात त्यासाठी सातबारा उतारा आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला पुढे केला जातो. जुना हाजिरजामीन माणसाला ओळखत असे, आजचा सातबारा जमिनीला ओळखतो. ज्याच्या घराण्यात जमीन आहे, भावकीत उतारा देणारा कोणी आहे, त्याची सुटका दुसऱ्या दिवशी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीड, जालना, अहिल्यानगरकडून येऊन माळेगाव, सोमेश्वरनगर किंवा भवानीनगरच्या परिसरात पालावर राहणाऱ्या तोडणी कामगाराला येथे कोण ओळखते? 'स्थानिक जामीनदार' आणण्याची अट त्याच्यासाठी नकाराचेच दुसरे नाव ठरते, आणि ही अट कायद्याच्या कलमात कोठेही लिहिलेली नाही.

मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या खटल्यात नेमका हाच प्रश्न आला होता. गवंडीकाम करणाऱ्या आरोपीला दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ही रक्कम एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर आणली आणि देशाच्या एका भागातील नागरिकाला दुसऱ्या भागात परका ठरवणारी ही रीत घटनेशी विसंगत असल्याचे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या कारागृहांत संभाव्य शिक्षेहून अधिक काळ पडून असलेल्या माणसांची स्थिती देशापुढे आली. बंधपत्राची रक्कम परिस्थितीचा विचार करून ठरवावी, ती अवाजवी नसावी, असे नव्या संहितेचे कलम ४८४ सांगते. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देऊ न शकणाऱ्याला निर्धन समजून त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीपासून आहे. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांकडे जावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. साधने इतकी असूनही जामीन मंजूर झालेला माणूस आत राहतो, कारण अट घालताना त्याचा धंदा काय, घर कोठे, कमावते हात किती, हे दोन-तीन प्रश्न विचारण्याची सवय लागलेली नाही.

पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या बाबतीत हे संकट दुहेरी होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि ज्यांच्यासाठी शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांची त्या कायद्यातून १९५२ साली सुटका झाली. परंतु 'आरोपी सराईत असून कायम वास्तव्याचे ठिकाण नाही' हे वाक्य पोलिसांच्या म्हणण्यातून सुटलेले नाही. सुकन्या शांता खटल्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या व्यक्तींना सराईत गुन्हेगार गृहीत धरणाऱ्या कारागृह नियमांवर बोट ठेवले. पूर्वीचे गुन्हे हा जामिनाच्या निर्णयातील रास्त मुद्दा आहे. पण गुन्हा क्रमांक, त्याचा निकाल आणि सध्याची स्थिती न देता केवळ 'सराईत' म्हणणे हा मुद्दा नसून जुना शिक्का आहे, आणि न्याय्य कार्यपद्धतीने त्याला तपशील विचारलाच पाहिजे.

काळाच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निर्णयाने ठरवले की आरोपीने अर्ज करून जामीन देण्याची तयारी दाखवली की हा हक्क बजावला गेला, मग अर्ज प्रलंबित असताना दोषारोपपत्र आणून तो हिरावता येत नाही. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्याच गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश, इतरांनी अर्धा काळ कोठडीत काढला की सुटकेचा विचार करावा लागतो, मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळून. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला निकालात निघालेला नाही असा बंदी. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण असे कच्चे कैदी होते. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्यासारख्या, म्हणजे मोक्कासारख्या, कायद्यांत जामिनाची दारे मुद्दाम अरुंद ठेवली आहेत. तेथेही जावेद गुलाम नबी शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य या जुलै २०२४ च्या निर्णयाने दाखवून दिले की आरोप कितीही गंभीर असो, खटला वेळेत चालवता येत नसेल तर त्या गांभीर्याच्या नावाने जामीन अडवून धरता येत नाही.

पीडित पक्षाला विसरून या विषयाचे विवेचन पुरे होत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १५-अ जामिनाच्या कार्यवाहीत पीडिताला सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क देते, आणि हरिराम भांभी खटल्यात २०२१ साली ही सूचना अनिवार्य असल्याचे सांगितले गेले. लखीमपूर खिरी प्रकरणातील एप्रिल २०२२ च्या निर्णयाने हा हक्क इतर गुन्ह्यांतील पीडितांपर्यंत नेला. ज्या गावात आरोपी आणि फिर्यादी एकाच रस्त्याने पाण्याला जातात तेथे जामिनावर सुटलेला माणूस समोर दिसणे म्हणजे काय, हे फिर्यादीखेरीज कोणी सांगू शकत नाही, आणि तालुक्यात राहू नये किंवा गावात प्रवेश करू नये यांसारख्या अटी फिर्यादीचे ऐकूनच नेमकेपणाने घालता येतात. मात्र पीडिताला ऐकणे आणि जमावाला ऐकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाने चालवलेल्या मोटारीखाली दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा बाल न्याय मंडळाने काही तासांत दिलेल्या जामिनावर, विशेषतः निबंध लिहिण्याच्या अटीवर, सर्वत्र संताप उसळला आणि त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवले गेले. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन कायम असताना केलेली ही रवानगी बेकायदा ठरवून सुटकेचा आदेश दिला. दोन तरुण जीव गेले होते आणि लोकांचा क्षोभ समजण्याजोगा होता. उच्च न्यायालयाने त्या क्षोभात कायद्याचा शब्द धरून ठेवला, हे काम कठीण होते आणि योग्य होते. आणि त्याच वेळी असा प्रश्नही विचारला गेला पाहिजे की ज्याच्या घरात वकिलांची फौज नाही अशा भिगवणच्या किंवा वडगाव निंबाळकरच्या मुलासाठी इतक्या तत्परतेने कोण उभे राहते. तालुका विधी सेवा समितीचे मोफत वकील त्यासाठीच आहेत, अट एवढीच की ते रिमांडच्या पहिल्या दिवशी हजर असावेत.

यापुढील अभ्यास ज्याला करायचा असेल त्याने निवाड्यांच्या संग्रहांबरोबर तालुका न्यायालयाचे साधे कागदही हाती घ्यावेत. आदेशात म्हणणे कोणाचे नोंदवले आहे, नकाराला दिलेले कारण त्या प्रकरणाचे आहे की कोणत्याही प्रकरणाचे, जामिनाची रक्कम ठरवताना आरोपीच्या मिळकतीचा उल्लेख आहे काय, फिर्यादीला सूचना गेली काय, आदेश कोणत्या भाषेत आहे, हे त्यांवरून दिसते. अर्ज दाखल झाल्याची तारीख रोजनाम्यात मिळते, सुटकेची तारीख कारागृहाच्या नोंदवहीत असते. हे दोन कागद शेजारी ठेवले म्हणजे मधले दिवस मोजता येतात, आणि त्यांतील प्रत्येक दिवसाचे कारण कोणी लिहून ठेवले आहे की नाही, तेही तपासता येते.